जुने घर, जुन्या वस्तू आणि घराण्याचा इतिहास

आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबांचे मूळ घर कोठेतरी गावी आहे आणि कुटुंबे मात्र पुण्यामुंबईस, कित्येक तर परदेशी, वास करून आहेत. वर्षातून एकदा देवीच्या नैवेद्याच्या निमित्ताने घर उघडावे, दोन दिवस राहावे, पुन्हा कुलूप लावावे, हा क्रम पुष्कळांच्या अनुभवाचा आहे. अशा घराचे काय करावे, हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक भाऊबंदकीपुढे येतो. कोणी ते विकतात, कोणी पाडून नवे बांधतात. जे मोजके लोक ते राखण्याचे ठरवितात, त्यांच्यापुढे लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : हे घर आत कसे मांडावे? कोणत्या वस्तू ठेवाव्यात, कोणत्या काढाव्यात, आणि बाजारातून जुन्या वस्तू आणून घर सजविणे योग्य की अयोग्य?

हा प्रश्न वरवर पाहता शोभेचा आहे. परंतु आमचे वाईचे घर दुरुस्त करून मांडण्याचे काम गेल्या काही वर्षांत केल्यानंतर, तो मूलतः इतिहासाचा प्रश्न आहे, अशी प्रस्तुत लेखकाची खात्री झाली आहे. त्या खात्रीची कारणे ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावीत, एवढाच या लेखाचा हेतू.

पूर्वीचे घर कसे असे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुने घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झुंबरे, हंड्या, मोठे आरसे, नक्षीच्या खुर्च्या असा थाट उभा राहतो. वस्तुतः पेशवाईच्या काळी सामान्य गृहस्थाच्या घरी आजच्या अर्थाने ‘फर्निचर’ जवळजवळ नव्हतेच. ओसरीवर झोपाळा, ओटीवर जाजम, लोड-तक्क्यांची बैठक, लिहिण्यास उतरते मेज, कपड्यांस पेटारा किंवा संदूक, पाण्यास घडवंची आणि जेवावयास पाट, एवढ्यावर संसार चाले. भिंतीतील कोनाडा, फडताळ आणि दिवळी हीच कपाटे. खोलीचे माप ‘खणां’नी सांगत आणि घराची श्रीमंती तुळयांच्या जाडीवरून व खांबांच्या सागावरून ओळखीत. सजावट होती ती लाकडात आणि भिंतीत : खांबाच्या कमळाकृती तळखड्यात, महिरपीत, आणि सामर्थ्य असेल तर भिंतीवरील चित्रांत. वाईहून जवळच, कृष्णाकाठच्या मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा आहे, तेथे अशी भित्तिचित्रे आजही पाहावयास मिळतात.

काचेचे सामान, मोठे आरसे व उंच पाठीच्या खुर्च्या या गोष्टी आपल्याकडे समुद्रमार्गे आल्या. प्रथम त्या दरबारी वाड्यांत शिरल्या आणि इंग्रजी अमलात हळूहळू मध्यम घरांपर्यंत पोचल्या. चित्रांचेही तसेच. पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी १८७८ मध्ये चित्रशाळा काढली आणि देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची छापील रंगीत चित्रे थोड्या पैशांत घराघरांत जाऊ लागली. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईस सुरू झाला आणि १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवली येथे नेण्यात आला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांची जी चित्रे आपल्या आजीच्या माजघरात होती, ती बहुधा या किंवा अशाच छापखान्यांतून आलेली. तेव्हा आपण ज्याला ‘परंपरागत घर’ म्हणतो, त्याच्या भिंतींवरील पुष्कळसा भाग शे-सव्वाशे वर्षांमागे बाजारातून विकत घेतलेला आहे, हे ध्यानी ठेवले म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपे जाईल.

वस्तू घराबाहेर कशा जातात

घरे जशी भरतात तशी रितीही होतात. इतिहासात याची मोठी उदाहरणे आहेत. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी शनिवारवाड्यास आग लागली आणि ज्या वाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला होता, तो अठ्ठ्याण्णव वर्षांनी भस्मसात झाला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर भोसल्यांच्या वाड्यातील जडजवाहीर व हत्तीघोडे लिलावाच्या मार्गास लागले. अलीकडील काळातील गोष्ट सांगावयाची तर १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचा बांध गेला आणि पुण्यातील नदीलगतच्या पेठांत पाणी शिरले. मातीच्या भिंतींचे वाडे बसले. त्यांतील भांडी, पेट्या, तसबिरी आणि कागदांचे रुमाल चिखलात मिसळून गेले.

परंतु अग्नी, लिलाव व जलप्रलय यांनी जितकी घरे रिकामी केली, त्याहून किती तरी अधिक घरे शांतपणे, कोणाच्या लक्षातही न येता रिकामी झाली. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्याने वाड्यांतील बिऱ्हाडांची भाडी गोठली. मालकास दुरुस्ती परवडेना, भाडेकरूस ती आपली वाटेना, आणि वाडे खचत गेले. पुढे जागेचे मोल वाढले तेव्हा वाडा पाडणे हाच फायद्याचा मार्ग ठरला. त्याच सुमारास स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघर आली. कल्हईचा खर्च नको, चिंच लावून घासण्याचे कष्ट नकोत, तेव्हा तांब्यापितळेची भांडी मोडीत निघाली. ज्या गृहिणींनी ती आयुष्यभर घासली, त्यांना दोष देण्याचा अधिकार निदान पुरुषांस तरी नाही.

आमच्या घरी हे घडले ते १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षी. वडिलांपुढे अडचण होती आणि भांडी विकण्यावाचून गत्यंतर नव्हते. हंडे, घंगाळी, परात, बंब अशी भांडी दोन खेपांत दुकानी पोचविण्याचे काम माझ्याकडे आले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. दुकानदाराने तराजूत घालताना एक घंगाळ उलटे केले. त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले आजीचे माहेरचे नाव, तिच्या वडिलांचे नाव आणि शक मी वाचला. त्याने वजन सांगितले, मी पैसे मोजून घेतले. घरी आल्यावर आजीने एवढेच विचारले, “घंगाळ पण दिलेस का रे?” मी होय म्हणालो. ती पुढे काही बोलली नाही. शक कोणता होता ते आज मला आठवत नाही. आमच्या घराण्याच्या इतिहासातील एक तारीख अशा रीतीने माझ्याच हातून गेली.

भांड्यांवरील लेख

येथे थोडे थांबून त्या ठिपक्यांच्या अक्षरांविषयी लिहिले पाहिजे. राजांचे ताम्रपट असतात, मंदिरांचे शिलालेख असतात. सामान्य कुटुंबाचे कोरीव लेख कोठे असतील तर ते भांड्यांवर. लग्नात आहेर म्हणून दिलेले भांडे असो, मृताच्या स्मरणार्थ वाटलेले तांबे असोत किंवा भिशीच्या पैशांतून घेतलेला डबा असो, कासार वा तांबट छिन्नीच्या टोकाने त्यावर नाव घालून देत असे. त्यात पुष्कळदा देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, गाव, निमित्त आणि शक एवढे सारे सापडते. विशेष हे की, ज्या काळात वंशावळीत स्त्रियांची नावे लिहीत नसत, त्याच काळात भांड्यांवर ती आवर्जून कोरली जात. तीर्थक्षेत्री उपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पुरुषांच्या पिढ्या मिळतील. पणजीचे माहेर मात्र एखाद्या परातीच्या काठावरच सापडण्याचा संभव अधिक.

शकाचा ईसवी सन काढण्याची रीत सोपी आहे. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या मित्यांसाठी शकात ७८ मिळवावे, व जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्यासाठी ७९. शके १८४२ च्या वैशाखातील लग्न १९२० मधील, तर त्याच शकाच्या माघातील लग्न १९२१ मधील. चित्रांचे वय काढण्यासही अशाच खुणा असतात. तसबिरीच्या तळाशी छापखान्याचे नाव व गाव बहुधा बारीक अक्षरांत असते. रविवर्मा छापखान्याच्या चित्रावर कार्ले-लोणावळ्याचा उल्लेख असेल, तर ते १८९९ पूर्वीचे असू शकत नाही. चौकट बदलण्यास देताना हा तळाचा भाग कापला जातो. तो कापू देऊ नये.

झुंबराची कथा

आमच्या दिवाणखान्यात एक मोठा काचेचा टांगता दिवा आहे. घरात त्यास झुंबरच म्हणतात. ‘हे झुंबर श्रीमंत पेशव्यांनी आमच्या पूर्वजांस बक्षीस दिले,’ असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आणि पाहुण्यांस सांगत आलो. घर दुरुस्त करताना तो दिवा उतरविला. घासून पाहता आत वात वरखाली करण्याची चकती व घासलेटचे भांडे दिसले. घासलेटचे दिवे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आले; पेशवाई तर १८१८ मध्येच संपली. तेव्हा पेशव्यांनी हा दिवा देणे अशक्य होते. वडीलधारी मंडळी हे ऐकून नाराज झाली. “सगळेच का खोटे?” असे थोरले बंधू रागाने म्हणाले, आणि त्यांचा राग मी समजू शकतो.

पुढे माळ्यावरच्या संदुकीत पणजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या निघाल्या. त्या मोडीत होत्या. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी त्या आम्हांस वाचून दिल्या. त्यांत मार्गशीर्ष शके १८१८, म्हणजे १८९६ च्या डिसेंबरच्या सुमाराची एक नोंद निघाली : टांगता दिवा काचेचा, जुना, नग एक, मुंबईहून, आणि पुढे गाडीभाडे. पणजोबा त्या वेळी मुंबईस एका पेढीवर कारकून होते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग प्रकट झाला आणि हजारो लोक शहर सोडून निघाले, हे सर्वश्रुत आहे. अशा वेळी घरे मोडतात आणि सामान मिळेल त्या किमतीस जाते. हा दिवाही तशाच एखाद्या घरातून निघाला असेल काय? नोंदीत तसे लिहिलेले नाही. जेवढे लिहिले आहे तेवढेच सत्य मानावे. परंतु तो ‘जुना’ घेतला, एवढे मात्र निश्चित.

या एका शब्दाने आमची मान खाली गेली आणि मनही मोकळे झाले. ज्या वस्तूचा आम्ही वंशपरंपरागत म्हणून अभिमान बाळगला, ती एका कारकुनाने कोणाच्या तरी घरातली जुनी वस्तू विकत घेऊन, रेल्वेने व बैलगाडीने, फुटू न देता घरी आणली होती. पेशव्यांच्या बक्षिसाहून ही गोष्ट कमी मोलाची आहे, असे मला वाटत नाही. आता दिव्याखाली एका लहान चौकटीत त्या वहीच्या पानाची प्रत आणि तिचे बाळबोध वाचन लावले आहे. थोरल्या बंधूंनीच ती चौकट करून आणली.

संग्राहकाचे उदाहरण

जुन्या बाजारातील वस्तू घरात आणण्यास पुष्कळ लोक नाखूष असतात. ‘कोणाचे काय माहीत!’ ही आपल्याकडील सर्वसाधारण भावना. त्यांनी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत, आणि त्यांचा व्यवसाय होता चष्म्यांचा. साधारण १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास प्रारंभ केला. गावोगाव हिंडून, मोडीत निघालेल्या घरांतून व जुन्या बाजारांतून त्यांनी वस्तू आणल्या, त्या बहुतांशी नित्याच्या वापरातल्या : दिवे, अडकित्ते, दौती, वज्री, कुंकवाचे करंडे, कुलपे, पानदाने, भांडी, वाद्ये, कोरीव दारे. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेषही त्यांनी आणून उभे केले. पत्नी कमलाबाई यांची या कामी त्यांस साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याचे नाव या संग्रहास दिले. १९७५ मध्ये हा सर्व संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत.

ज्या वस्तू शेकडो घरांनी टाकाऊ म्हणून बाहेर काढल्या, त्याच पाहण्यास त्या घरांची नातवंडे आज तिकीट काढून जातात. केळकरांनी त्या वस्तूंत नवे काही घातले नाही. त्यांनी त्या ओळखल्या, सांभाळल्या आणि एकत्र मांडल्या.

कागदांच्या बाबतीत हेच कार्य इतिहासाचार्य राजवाडे यांनी केले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा त्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, तो वाईस मिळालेल्या कागदांवर आधारलेला होता. १९१० मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. मेणवलीचे नाना फडणिसांचे दप्तर रावबहादूर पारसनीस यांच्या प्रयत्नाने उजेडात आले. घरच्या माळ्यावरील रुमाल म्हणजे रद्दी नव्हे, हे या मंडळींनी महाराष्ट्रास शिकविले. तांब्यापितळेच्या बाबतीत तो धडा आपण अद्याप पुरता गिरवलेला नाही.

परक्याची वस्तू आपलीशी करण्याचे आणखी एक उदाहरण आमच्या वाटेवरच आहे. मेणवलीच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली त्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून हाती आलेल्या घंटांपैकी ती एक. अशा घंटा महाराष्ट्रातील अनेक देवळांत आहेत. त्यांच्या अंगावरची मूळ चिन्हे कोणी घासून काढली नाहीत. ती कायम आहेत, म्हणूनच ती घंटा कोठून आली, हे आज शेंबडे पोरही सांगू शकते.

आम्ही घर कसे मांडले

आता प्रत्यक्ष कामाविषयी थोडे. घरातील दोन खांब वाळवीने पोखरले होते. पुण्यात पाडलेल्या वाड्यांचा साग विकणारे व्यापारी आहेत. त्यांच्याकडून मापाचे दोन जुने खांब आणले. हे खांब आपले नव्हेत, हे कळावे म्हणून त्यांच्या तळाशी आणल्याचे साल व ‘पुणे’ एवढे लिहून ठेवले. लाकडास चकचकीत रोगण न देता जवसाचे तेल दिले. तसबिरी ओल्या भिंतीवरून काढून आतल्या कोरड्या भिंतीवर लावल्या. मूळ छायाचित्रे पेटीत ठेवून त्यांच्या प्रती चौकटीत घातल्या. ऊन आणि ओल हे छायाचित्रांचे दोन वैरी आहेत. भांडी मोजकीच मांडली. घर म्हणजे दुकान होऊ नये, ही काळजी घेतली.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र धाकट्या सूनबाईंच्या एका प्रश्नाने झाले. ती प्रत्येक वस्तू हाती घेऊन विचारी, “हे कोणाचे?” आम्हा पाच भावंडांना दहातील आठ वस्तूंचे उत्तर देता येईना. शेवटी नव्वदीला टेकलेल्या काकूंना पुण्याहून आणले, झोपाळ्यावर बसविले आणि एकेक वस्तू त्यांच्यापुढे ठेवली. चार दिवस त्या सांगत होत्या आणि सूनबाई लिहीत होती. ज्या लाकडी काठवटीस आम्ही कोपऱ्यात टाकले होते, तीत काकूंच्या सासूबाईंनी दुष्काळात शेजारच्या तीन घरांच्या भाकरी थापल्या होत्या. ज्या पितळी डब्याची आम्ही प्रशंसा करीत होतो, तो काकूंनी स्वतः बोहारणीकडून दोन साड्या देऊन घेतला होता. “त्यात काय मोठेसे?” म्हणून त्या हसल्या. दोन्ही हकिकती यादीत आल्या. पुढील वर्षी काकू गेल्या. ते चार दिवस आम्ही दवडले असते, तर घर पूर्वीप्रमाणेच सजले असते, परंतु मुके राहिले असते.

बाजारातून आणलेल्या वस्तूंविषयीही आम्ही एक नियम केला. पुण्यास कुंभारवेशीजवळ बुधवारी व रविवारी जुना बाजार भरतो, तेथे मी कित्येक वर्षे जात असे. हेतू एकच : आजीचे घंगाळ कोठे दिसते का, हे पाहणे. ते मिळेल अशी आशा वेडेपणाची होती, हे मलाही कळत होते. मोडीत गेलेले भांडे बहुधा भट्टीतच जाते. एके दिवशी त्याच घडणीचे एक घंगाळ दिसले. उचलून पाहिले तर काठावर ठिपक्यांनी कोरलेले एका स्त्रीचे नाव, तिच्या वडिलांचे नाव, कोकणातले एक गाव आणि शके १८५१. आमच्या घराण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. विक्रेता म्हणाला, “काका, नाव नको असेल तर घासून देतो, कळणार पण नाही.” मी ते तसेच घेतले.

त्या गावी मी पत्र लिहिले, एकदा जाऊनही आलो. त्या आडनावाचे घर आता तेथे नाही. तेव्हा हे घंगाळ आमच्या ओटीवर आहे आणि आमच्या यादीत ते त्या बाईंच्या नावाने नोंदलेले आहे. ‘आमचे’ या सदरात नाही, ‘आमच्याकडे ठेव’ या सदरात. पाहुणे विचारतात तेव्हा मी ते नाव वाचून दाखवितो. कोण जाणे, आजीचे घंगाळही भट्टीतून वाचले असेल आणि कोणाच्या तरी ओसरीवर असेल. तेथील गृहस्थाने तिचे नाव घासून टाकले नसावे, एवढीच इच्छा मनात राहते. दुसऱ्याच्या वस्तूशी आपण जसे वागू, तसेच कोणी आपल्या वस्तूशी वागेल, असा विश्वास बाळगण्यापलीकडे आपल्या हाती काय आहे?

काही सूचना

या अनुभवावरून ज्ञातिबांधवांपुढे काही सूचना नम्रपणे ठेवतो.

१. घरातील जुन्या वस्तूंची एक याद करावी. प्रत्येक वस्तूपुढे चार गोष्टी लिहाव्यात : वस्तू काय, कोणाची, घरात केव्हा व कशी आली, आणि हे कोणी सांगितले. चौथी गोष्ट विशेष महत्त्वाची; कारण ऐकीव आणि लेखी यांतील भेद तिनेच कळतो.

२. भांड्यांवरील अक्षरे जशीच्या तशी, चुकांसह उतरून घ्यावीत. घासताना अक्षरांवर जोर देऊ नये. स्वयंपाकास वापरावयाची तांब्यापितळेची भांडी कल्हई केल्यावाचून वापरू नयेत.

३. मोडी कागद वाचता येत नाहीत म्हणून टाकू नयेत. मोडी शिकविणारे वर्ग आजही चालतात. तरुणांपैकी प्रत्येक घरातून एकाने तरी ती लिपी शिकावी.

४. वडीलधाऱ्यांकडून माहिती घेताना विशेषेकरून स्त्रियांस विचारावे. पुरुषांना जमिनी आठवतात, स्त्रियांना वस्तू आठवतात.

५. घराण्याविषयीची आख्यायिका खोटी ठरली तर लाज मानू नये आणि ती पुसूनही टाकू नये. ‘असे सांगत असत’ म्हणून ती लिहावी व पुढे ‘असे आढळले’ ते लिहावे.

६. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू व मूर्ती आदींविषयी १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू आहे. काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी आवश्यक असते आणि खाजगी रीतीने त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी असलेल्या मुलाबाळांकडे वस्तू पाठविण्यापूर्वी आणि बाजारात मूर्ती विकत घेण्यापूर्वी हे ध्यानी ठेवावे. देवळातून निघालेली असावी अशी शंका येईल ती मूर्ती कितीही सुंदर असली तरी घेऊ नये.

७. वाटणीच्या वेळी वस्तू वाटल्या गेल्या तरी याद वाटू नये. तिच्या प्रती काढून प्रत्येक शाखेस एकेक द्यावी, आणि एक आपल्या संस्थेच्या कार्यालयात ठेवण्यास द्यावी.

शेवटची सूचना संस्थेच्या चालकांसही आहे. आपण वधूवरांची सूची छापतो, गुणवंतांची छापतो, देणगीदारांची छापतो. त्याच तत्परतेने कुटुंबांच्या या यादी जमविल्या आणि वार्षिक संमेलनात एका दालनात प्रत्येक घराची एकच वस्तू तिच्या हकिकतीसह मांडली, तर आपल्या समाजाचा खरा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहील. तो पराक्रमाचा असेल तसा काटकसरीचा, दुष्काळाचा, प्लेगचा, जुने विकत घेण्याचा आणि नाइलाजाने विकण्याचाही असेल. त्यात कमीपणा मानण्याजोगे काही नाही.

आमचे घर आज पूर्वीइतके मोठे दिसत नाही. परंतु देवीच्या नैवेद्यास जमलेली मुले आता दिव्याखाली उभी राहून ‘जुना, नग एक’ असे मोठ्याने वाचतात आणि ओटीवरच्या घंगाळापाशी जाऊन त्या अपरिचित बाईंचे नाव घेतात. यंदा त्यांच्यापैकी एका नातीने मला विचारले, “आजोबा, तुमच्या आजीचे घंगाळ कोठे आहे?” ते मी विकून आलो, असे मी तिला सांगितले. तिने वही उघडली आणि यादीच्या शेवटच्या पानावर लिहिले : ‘घंगाळ, तांब्याचे, एक. पणजीच्या सासूबाईंचे. १९७२ मध्ये गेले. सांगणार : आजोबा.’

घरात नसलेल्या वस्तूचीही नोंद ठेवावी, हे मला सुचले नव्हते. ते तिला सुचले. इत्यलम्.